अभ्यासगट (मेंढा-लेखा)

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने रुजवलेली, चळवळ करता करता शिकण्याची पद्धत. गावापुढचा एखादा प्रश्न घेऊन गावकरी बसतात, गरज पडल्यास बाहेरचा जाणकार बोलावतात, माहिती काढतात, वाद घालतात. निर्णय मात्र इथे होत नाही. तो ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने. एका जरी माणसाचे मन वळायचे राहिले, तर विषय पुढच्या बैठकीला जातो. अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवल्यामुळे बोलताना हार-जितीची धास्ती राहत नाही. या पद्धतीची खरी ताकद बहुधा यातच आहे.

1980च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले. धरणाला विरोध केला, पण गावाचा कारभार कोण चालवणार, हा प्रश्न त्यातून पुढे आला. ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातले देवाजी तोफा यांनी तो लावून धरला. ‘मावा नाटे माटे सरकार’, म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा पुढे सर्वत्र गाजली. तिच्यामागे बैठकांची किती वर्षे आहेत, हे मात्र घोषणा देणाऱ्यांना ठाऊक असतेच असे नाही.

विषय अगदी हाताशी असलेले असत. उदाहरणार्थ, मध. पूर्वी पोळ्याखाली जाळ करून मध काढत. माश्या मरत, पोळेही जाई. यावर चर्चा झाली, करून पाहिले गेले आणि अंगभर झाकणारे कपडे घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापण्याची रीत आली.

कायद्याचे वाचनही असेच झाले. वनहक्क कायदा 2006 नुसार 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही दाव्यांपैकी हा एक. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखाते देईना. 1927च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ आहे, असे खात्याचे तेव्हा म्हणणे होते. नव्या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, स्पष्ट लिहिलेला आहे, हे गावाला ठाऊक होते. ग्रामसभा अडून बसली. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. तेव्हापासून आपल्या बांबूचा परवाना ग्रामसभा स्वतःच फाडते.