डावं वजा उजवं

१९८२ साली आलेल्या रोलँडच्या जुनो-६० या सिंथेसायझरमध्ये प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर तयार करणारा भाग, आहे. एका वेळी वाजणारे सहाच्या सहा सूर आत एकत्र मिसळतात, म्हणजे कोरसपर्यंत (आवाज जाड आणि पसरट करणाऱ्या इफेक्टपर्यंत) पोचणारा आवाज चक्क मोनो, दोन्ही बाजूंना एकसारखाच, असतो. कोरसचं बटण दाबलं की मात्र तोच आवाज दोन्ही स्पीकरांच्या पलीकडे सांडायला लागतो. बरेच जण हे वाद्य त्या एका बटणासाठीच घेतात, असं म्हटलं तरी चालेल.

आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसं या कोरसच्या चिपमध्ये चालतं. विजेचा छोटा छोटा भार २५६ कप्प्यांतून पुढे सरकत जातो आणि काही मिलिसेकंद उशिरा बाहेर पडतो. हा भार पुढे ढकलणारे ठोके जलद पडले तर उशीर कमी, संथ पडले तर जास्त. उशीर सतत बदलत राहिला की सूरही केसभर चढतो-उतरतो, जवळून गेलेल्या गाडीच्या भोंग्यासारखा. जुनोत अशा दोन चिपा आहेत. एकीचा उशीर वाढत असतो तेव्हा दुसरीचा घटत असतो. डावीकडे मूळ आवाज अधिक पहिली चिप, उजवीकडे मूळ आवाज अधिक दुसरी. दोन्ही कानांना जवळपास तेच ऐकू येतं, पण अगदी तेच नाही.

सगळा पसारा या ‘अगदी तेच नाही’मध्ये आहे. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरने १९३१ साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ही गोष्ट हिशेबात बसवलेली आहे. डावा आणि उजवा यांची बेरीज करा, तो झाला मधला आवाज. डाव्यातून उजवा वजा करा, उरेल तो बाजूचा आवाज. वजाबाकी शून्य असेल तर मोनो. ती वाढवत नेली की आवाज रुंदावतो. एफएम रेडिओ स्टीरिओ पाठवतो तोही असाच, बेरीज एकीकडे आणि वजाबाकी वेगळ्या उपवाहकावर, म्हणजे त्याच प्रक्षेपणातल्या दुसऱ्या, वरच्या लहरीवर.

मला हे गणित पाठ होतं, तरी एका कार्यक्रमात फजिती व्हायची ती झालीच. घरी हेडफोनवर ढगासारखा पसरणारा पॅड (लांब, मऊ सिंथचा आवाज) सभागृहात वाजवला आणि तो कोरडा ठक्क आला. इफेक्ट गेला कुठे? सभागृहातल्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांना एकच मोनो आवाज जोडलेला होता. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात आणि ते बरोबरही आहे, नाहीतर डाव्या कडेला बसलेल्याला उजवीकडचं काहीच ऐकू येणार नाही. चूक माझ्या जोडणीत होती.

ती जोडणी अशी. सिंथचा कोरडा आवाज मिक्सरच्या मध्यावर. त्यातूनच एक वाट डिले पेडलला, उशीर ५ मिलिसेकंद, पेडलमधून फक्त उशिराचा आवाज परत. हा परतीचा आवाज दोन चॅनेलांवर घेतलेला, एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे पण उलटा करून, म्हणजे लहरीचा चढ तिथे उतार. मिक्सरवर फेज उलटवायचं बटण असलं की झालं. नसेल तर बॅलन्स्ड एक्सएलआर केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना अदलाबदल करून जोडलेली केबल तेच काम करते. डेन्मार्कच्या रेडिओतल्या होल्गर लाउरिडसेन यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते.

५ मिलिसेकंदांत २०० हर्ट्झची लहर बरोबर एक फेरा पुरा करते, १०० हर्ट्झची अर्धाच. त्यामुळे डावीकडे २००, ४००, ६०० हर्ट्झ उठून येतात आणि १००, ३००, ५०० दबतात. उजवीकडे नेमकं उलटं. एका फणीचे दात दुसरीच्या फटीत बसावेत, तसे हे दोन आवाज एकमेकांत बसतात. हेडफोनवर ऐकायला झकास लागतं. पण दोन्हींची बेरीज केली की सरळ आणि उलटा डिले एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती कोरडा आवाज तेवढा राहतो. जुनोच्या कोरसमध्ये दोन चिपांचे उशीर वेगवेगळे असतात, म्हणून मोनोत त्याचा पसारा गेला तरी थरथर शिल्लक राहते. रंगमंचासाठी मी तसला कोरस घेईन.

रुंदी कमी-जास्त करायला वेगळं यंत्र लागत नाही. परतीच्या दोन चॅनेलांचे पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या चकत्या) आत घेतले की डावं थोडं उजवीकडे जातं, उजवं थोडं डावीकडे, आणि वजाबाकी तेवढी घटते. फक्त लाउरिडसेनच्या युक्तीत अख्खा इफेक्टच वजाबाकीचा बनलेला आहे, म्हणून तिथे पॅन आत घेताना पसारा आणि इफेक्टचा आवाज दोन्ही एकदम उतरतात.

या युक्तीत आणखी एक खोड आहे. अगदी खालच्या सुरांना ५ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, त्यामुळे डावीकडे त्यांची भर पडते आणि उजवीकडे ते खोडले जातात. खर्ज सगळा डावीकडे कलतो. यावर उपाय सोपा आहे, डिलेकडे जाणाऱ्या वाटेवर लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारा फिल्टर, लावायचा. मी १५० हर्ट्झच्या आसपास ठेवतो. एलपीचं खाचकाम करणारेही खर्ज मध्यावर आणतात, कारण तबकडीच्या खाचेत वजाबाकी उभ्या हालचालीने कोरलेली असते आणि जाडजूड खर्जाने सुई उसळू शकते.

हल्ली माझे पॅन घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी असतात. कार्यक्रमाआधी दोन्ही पॅन १२ वर आणून एक लांब सूर धरतो. इफेक्ट नाहीसा झाला तर उलटी केबल काढतो आणि कोरसचं पेडल लावतो.