को-पे आणि डिडक्टिबल : क्लेममधून आधी काय कापतात?

हॉस्पिटलचं बिल 3 लाखांचं, आरोग्य विमा कंपनीने मंजूर केले 2 लाख 7 हजार. डिस्चार्जच्या दिवशी टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) काउंटरवर भांडून हा आकडा बदलत नाही. तो पॉलिसी घेतली तेव्हाच ठरलेला असतो.

हिशेब असा. ग्लोव्ह्ज, नोंदणी फी अशा न मिळणाऱ्या बाबींचे 20,000 आधी वगळले, उरले 2,80,000. डिडक्टिबल 50,000, म्हणजे तेवढा पहिला खर्च तुमचा. राहिलेल्या 2,30,000 वर 10 टक्के को-पे, म्हणजे मान्य खर्चातला तुमचा ठरलेला टक्का, 23,000. एकूण 93,000 तुमच्या खिशातून. को-पे आधी लावला तर तो 28,000 होतो, म्हणजे आणखी 5,000 गेले. क्रम कोणता, ते पॉलिसीच्या मजकुरात शोधा. एजंटचं तोंडी उत्तर चालणार नाही, ईमेलवर मागा.

त्याच वर्षी पुन्हा भरती व्हावं लागलं आणि मान्य खर्च 1 लाख झाला, तर वार्षिक डिडक्टिबल आधीच भरून झालेलं असतं. को-पेचे 10,000 मात्र पुन्हा भरावे लागतात. टॉप-अप म्हणजे डिडक्टिबलच्या वरच्या खर्चासाठी घेतलेली जादा पॉलिसी. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल दर क्लेमला मोजतात, सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बेरजेवर. आई-वडिलांसाठी घ्यायचं तर माझं मत सुपर टॉप-अपला.

को-पे बहुधा साठीनंतर पॉलिसी घेणाऱ्यांना लागतो. काही पॉलिसींत लहान गावाचा प्रीमियम भरून मुंबईत उपचार घेतले तरी लागतो. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत तर सगळ्यांनाच 5 टक्के.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर 48 तास आधी कळवायचं, अचानक भरती झाली तर 24 तासांत; आरोग्य संजीवनीचा नियम हाच, इतरांचा आपापल्या पॉलिसीत बघा. कॅशलेसची पहिली मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची 3 तासांत द्यायची, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

पैसे आधी भरून नंतर मागणार असाल तर क्लेम फॉर्म, ओळखपत्र, भरतीची डॉक्टरांची चिठ्ठी, तपशीलवार मूळ बिलं-पावत्या, रिपोर्ट, डिस्चार्ज समरी आणि रद्द केलेला चेक लागतो. गुडघा किंवा स्टेंट बसवला असेल तर त्याचा स्टिकर जपा, तो हमखास हरवतो. सुपर टॉप-अप दुसऱ्या कंपनीचं असेल तर मूळ बिलं पहिल्या कंपनीकडेच राहतात. तिच्याकडून प्रमाणित प्रती आणि सेटलमेंटचं पत्र मागून घ्या, दुसरा क्लेम त्यावरच होतो.