गिफ्ट कार्डावरील शिल्लक तपासणे

आगाऊ पैसे भरून घेतलेल्या भेटकार्डात किती रक्कम उरली आहे, ती कधीपर्यंत वापरता येईल आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी ती वापरली तर नाही ना, याची कार्ड काढणाऱ्या संस्थेकडे केलेली चौकशी म्हणजे शिल्लक तपासणे. भारतात कंपन्यांच्या दिवाळी भेटी, लग्नातला आहेर, वाढदिवस, निरोप समारंभ अशा प्रसंगी पाकिटाऐवजी कार्ड किंवा ईमेलने आलेला कोड दिला जाऊ लागला, तशी ही चौकशीही नेहमीची झाली. पाकिटातली नोट मोजता येते, कार्ड नुसते पाहून काही कळत नाही. त्यामुळे पहिली खरेदी झाल्यावर उरलेले दोनतीनशे रुपये विसरले जातात आणि कार्ड कपाटातल्या कागदपत्रांत मुदत संपेपर्यंत पडून राहते.

रक्कम असते कुठे

कार्डात पैसे साठवलेले नसतात. कार्डावर असतो फक्त एक क्रमांक. त्या क्रमांकासमोर किती रक्कम आहे ही नोंद कार्ड काढणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर असते. दुकानात मांडलेले कार्ड म्हणूनच काउंटरवर पैसे भरून ते चालू करेपर्यंत निरुपयोगी असते. खरेदीच्या वेळी दुकानातले मशीन सर्व्हरला क्रमांक आणि रक्कम कळवते, सर्व्हर नोंद तपासून होकार किंवा नकार देतो आणि होकार दिल्यास तेवढी रक्कम वजा करतो. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचाच हा प्रकार, फक्त इथे देणे गिऱ्हाइकाचे नसून दुकानदाराचे असते. वही मात्र त्याच्याचकडे असते, म्हणून आकडा त्यालाच विचारावा लागतो.

बचत खात्याला पासबुक असते, खातेदाराचे नाव असते. भेटकार्ड बहुधा निनावी असते आणि ज्याच्या हाती क्रमांक व पिन आहे त्याचे ते असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वॉलेटमधून पैसे जाताना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे व्यवहारात ओटीपी, सक्तीची आहे. भेटकार्डांना ती सक्ती नाही. क्रमांक आणि पिन फुटला की शिल्लक कोणीही खर्चू शकतो आणि खऱ्या धारकाला ते तपासल्याशिवाय समजतही नाही. शिल्लक अधूनमधून पाहावी याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

कार्ड नेमके कुणाचे

शिल्लक कुठे विचारायची, याचे उत्तर कार्ड कुणी काढले यावर ठरते आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. कार्डाच्या दर्शनी बाजूला दुकानाचे नाव ठळक असते, पण देणे दुसऱ्याच संस्थेचे असू शकते. भारतात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार एखाद्या दुकानाने वा साखळीने स्वतःच काढलेल्या आणि फक्त स्वतःकडेच चालणाऱ्या कार्डांचा. रिझर्व्ह बँक अशा बंदिस्त कार्डांना पेमेंट यंत्रणा मानत नाही. त्यांना तिची परवानगी लागत नाही आणि तिचे संरक्षणही मिळत नाही. दुकानाने जे नियम कार्डावर छापले तेच खरे. दुसरा प्रकार परवानाधारक बिगरबँक कंपनीने काढलेल्या कार्डांचा. अनेक नामवंत ब्रँड आणि ई-कॉमर्स कंपन्यांच्या कार्डांमागे बारीक अक्षरांत क्विकसिल्व्हर किंवा पाइन लॅब्ज असे नाव आढळते. बंगळूरूची क्विकसिल्व्हर ही कंपनी पाइन लॅब्जने २०१९ मध्ये विकत घेतली. अशा बिगरबँक संस्थांना ग्राहकांची रक्कम शेड्यूल्ड व्यावसायिक बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच वापरता येणाऱ्या राखीव खात्यात, वेगळी ठेवावी लागते. तिसरा प्रकार बँकेच्या कार्डाचा. स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय अशा बँकांची ही कार्डे दिसायला डेबिट कार्डासारखी असतात आणि व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यावर अनेक दुकानांत चालतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ लागू होतो. आगाऊ भरणा साधनांसाठी, म्हणजे भेटकार्ड, वॉलेट यांसारख्या आधी पैसे भरून वापरायच्या साधनांसाठी, रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २७ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वंकष निर्देश जारी केले. त्यानुसार एका भेटकार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही किंवा दुसऱ्या खात्यात रक्कम पाठवता येत नाही. धारकाच्या संमतीने रक्कम परत जाऊ शकते, पण ती ज्या खात्यातून कार्ड भरले गेले त्या मूळ खात्यातच. म्हणजे मामाने भाच्याला दिलेले कार्ड भाच्याला नको असेल, तर या वाटेने पैसे मामाच्या खात्यात जातील. कार्ड काढणाऱ्या संस्थेच्या दप्तरी ओळख असते ती कार्ड विकत घेणाऱ्याची. म्हणून कार्ड हरवले किंवा क्रमांक पुसट झाला, तर चौकशीत देणाऱ्याची मदत घ्यावी लागते. म्हणून संकोच बाजूला ठेवून कार्ड देताना खरेदीची पावतीही सोबत द्यावी.

तपासण्याच्या वाटा

कार्डाच्या मागे क्रमांक छापलेला असतो आणि पिन खरवडून काढायच्या पट्टीखाली असतो. ई-कार्डात दोन्ही ईमेल किंवा एसएमएसमध्ये येतात. फ्लिपकार्टच्या भेटकार्डाला १६ अंकी क्रमांक आणि ६ अंकी पिन असतो. दोन्ही भरले की शिल्लक दिसते. बँकेच्या भेटकार्डासाठी बहुतेक बँकांनी प्रीपेड कार्डांचे वेगळे पोर्टल ठेवले आहे. नेहमीच्या नेटबँकिंगमध्ये हे कार्ड दिसत नाही म्हणून ते बंद पडले असे समजू नये. कार्डामागच्या दूरध्वनी क्रमांकावरही शिल्लक विचारता येते. ज्यांना संकेतस्थळावर पिन भरण्याची धास्ती वाटते, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांना, त्यांच्यासाठी ही वाट सोयीची आहे.

दुकानाच्या साखळीचे कार्ड असेल तर काउंटरवरच्या मशीनवर खरेदी न करताही शिल्लक पाहता येते. खरेदी केली असेल तर बिलाच्या तळाशी उरलेली रक्कम बहुधा छापून येते. ते बिल कार्डाभोवती गुंडाळून ठेवण्याची जुनी सवय अजूनही उपयोगी आहे.

काही कोड मात्र तपासण्यासाठी नसून खात्यात जमा करण्यासाठी असतात. गुगल प्लेचा कोड वापरला की सगळी रक्कम त्या गुगल खात्यात जाते आणि पुढे शिल्लक खात्यात दिसते. अ‍ॅमेझॉन पे भेटकार्डाचेही तसेच. अशा कोडची रक्कम एकदा जमा झाली की ती त्या खात्याशी जखडली जाते. मुलाच्या फोनवर चुकून जमा केलेला कोड आईच्या खात्यात वळवता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार जारी करणाऱ्या संस्थेने धारकाला किमान मागील ६ महिन्यांचे विवरण आणि किमान शेवटच्या १० व्यवहारांची यादी मिळण्याची सोय ठेवायला हवी. विवरणात तारीख, रक्कम, व्यवहाराचे वर्णन आणि निव्वळ शिल्लक असते. नुसता आकडा न पाहता ही यादी मागावी, कारण चोरी झाली असेल तर ती आकड्यात नाही, यादीत दिसते.

अपुरी शिल्लक

बँकेच्या भेटकार्डात ३४० रुपये असतील आणि बिल ५०० रुपयांचे झाले, तर मशीन ३४० घेऊन बाकी मागत नाही. बहुधा सगळा व्यवहारच नाकारते. गिऱ्हाईक कार्ड बिघडले असे समजते आणि बाद करते. आधी शिल्लक पाहून काउंटरवर स्पष्ट सांगावे, की कार्डावरून बरोबर ३४० रुपये घ्या आणि उरलेले १६० यूपीआयने देतो. ऑनलाइन खरेदीत दोन कार्डांवर बिल विभागण्याची सोय क्वचितच असते, म्हणून बँक कार्डावरची शेवटची रक्कम दुकानात संपवणे सोपे जाते. दुकानांची स्वतःची कार्डे याबाबत उदार असतात. ती आधी रिकामी होतात आणि उरलेले बिल दुसऱ्या मार्गाने भरता येते.

हॉटेलात खोली घेताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवली जाते. ती खर्च झालेली नसते, पण सुटेपर्यंत उपलब्ध शिल्लक कमी दिसते. तसेच भेटकार्डाने घेतलेली वस्तू परत केली तर परतावा अनेकदा त्याच कार्डावर येतो. शून्य शिल्लक दिसली तरी वस्तू बदलण्याची मुदत संपेपर्यंत कार्ड फेकू नये.

मुदत आणि न वापरलेली रक्कम

रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतील कार्डांना किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते. मुदतीची तारीख कार्ड देतानाच सांगावी लागते आणि ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला सावध करावे लागते. भेटकार्डाच्या बाबतीत हा इशारा वापरणाऱ्यापर्यंत पोचेलच असे नाही, कारण संस्थेकडे नोंदलेला मोबाइल क्रमांक अनेकदा देणाऱ्याचा, किंवा घाऊक कार्डे घेणाऱ्या कंपनीचा असतो.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले, हा समज मात्र सरसकट खरा नाही आणि याची माहिती फार थोड्यांना आहे. बिगरबँक संस्थेला कार्डाची मुदत संपल्यानंतर किमान ३ वर्षे उरलेली रक्कम स्वतःच्या नफ्यात घेता येत नाही, आणि मुदतीनंतर धारकाने परतावा मागितला तर तो बँक खात्यात द्यावा लागतो. मुदतबाह्य कार्ड सापडले तर कात्री लावण्याआधी मागची बाजू वाचावी आणि लेखी मागणी करावी. दुकानाच्या बंदिस्त कार्डाला मात्र ही तरतूद लागू नाही.

न वापरलेल्या रकमेला व्यापारी भाषेत ब्रेकेज म्हणतात. जैसलमेरला २१ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर, व्हाउचरचा व्यवहार हा वस्तूचा वा सेवेचा पुरवठा नाही आणि ब्रेकेजच्या उत्पन्नावर जीएसटी लागणार नाही, असा खुलासा झाला. विसरलेल्या शिल्लक रकमा कंपन्यांच्या हिशेबात दखल घेण्याइतक्या मोठ्या असतात, हे त्यावरून ध्यानात यावे.

अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्यानंतर भेटकार्डातली रक्कम किमान ५ वर्षे वैध राहते. मॅसॅच्युसेट्स राज्यात ९० टक्के रक्कम वापरली की उरलेली रोख मागता येते. ऑस्ट्रेलियात १ नोव्हेंबर २०१९ पासून किमान मुदत ३ वर्षे आहे. त्या मानाने भारतातले एक वर्ष अपुरे वाटते. दिवाळीला मिळालेले कार्ड पुढच्या दिवाळीच्या खरेदीपर्यंत टिकेलच याची खात्री नसते.

चौकशीच्या आडून फसवणूक

शिल्लक तपासण्याची सोय चोरांनाही उपयोगी पडते. मार्च २०१७ मध्ये डिस्टिल नेटवर्क्स या सुरक्षा कंपनीने गिफ्टघोस्टबॉट नावाचा स्वयंचलित प्रोग्राम उघडकीस आणला. तो जवळपास १,००० संकेतस्थळांच्या शिल्लक तपासणीच्या पानांवर एकामागून एक क्रमांक भरून पाहत होता. ज्या क्रमांकावर पैसे आढळत तो विकला किंवा वापरला जाई. या पानांवर आज पिन मागितला जातो आणि चित्रकोडे (कॅप्चा) सोडवायला लावले जाते ते अशा हल्ल्यांमुळे. अमेरिकेत दुकानातली कार्डे गुपचूप उघडून क्रमांक टिपायचे, ती पुन्हा बंद करून मांडणीत ठेवायची आणि कार्ड चालू होताच रिकामे करायचे, असे प्रकार इतके वाढले की तिथल्या होमलँड सिक्युरिटी विभागाने २०२३ मध्ये प्रोजेक्ट रेड हुक ही मोहीम उघडली. मेरीलँड राज्याने २०२४ मध्ये कार्डांच्या वेष्टनाबद्दल कायदा केला.

दुसरा धोका बनावट तपासणी संकेतस्थळांचा. सर्च इंजिनमध्ये शोधून पहिल्या दुव्यावर क्रमांक आणि पिन भरणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती रोख देणे होय. पत्ता कार्डावर छापलेलाच टाइप करावा. भारतात साहेबांचा फोटो लावलेल्या क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतो, की मीटिंगमध्ये आहे, तातडीने भेटकार्डे घेऊन कोड पाठवा. कोड पाठवला की काही मिनिटांत शिल्लक शून्य होते. असे झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि कार्ड काढणाऱ्या संस्थेकडे एकाच वेळी कळवावे.

तक्रार

शिल्लक चुकीची दिसल्यास प्रथम जारी करणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बँक आणि बिगरबँक अशा दोन्ही परवानाधारकांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क दाद मागता येते. दुकानाच्या बंदिस्त कार्डासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. दुकान बंद पडत असेल तर मात्र तक्रारीपेक्षा खरेदी उरकणे शहाणपणाचे. अमेरिकेतल्या बेड बाथ अँड बियाँड या साखळीने २३ एप्रिल २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भेटकार्डे ८ मेपर्यंतच स्वीकारली.

परदेशातून पाठवलेली कार्डे

न्यू जर्सी किंवा दुबईहून पुण्याला भेट पाठवताना कार्ड कोणत्या देशाचे आहे ते पाहणे गरजेचे आहे. अमेरिकी अ‍ॅमेझॉनचे डॉलरमधले कार्ड भारतीय अ‍ॅमेझॉनवर चालत नाही. अ‍ॅपलचे कार्डही ज्या देशात घेतले तिथल्याच खात्यात जमा होते. इथे कोड अवैध असा संदेश आला तरी रक्कम गेलेली नसते. तो कोड पाठवणाऱ्याला परत कळवावा. तो त्याच्या देशातल्या खात्यात वापरता येतो आणि भारतातल्या माणसासाठी भारतीय संकेतस्थळावरून नवे कार्ड घेता येते.