कॅप्टन मार्व्हल कोर्टाने दिलाच नव्हता

‘सुपरमॅनची नक्कल ठरवून कोर्टाने कॅप्टन मार्व्हल हा सुपरहिरो डीसी कंपनीला देऊन टाकला’ ही गोष्ट कॉमिक्सवेडे वर्षानुवर्षं सांगत आलेत. असा निकाल कधी लागलाच नाही.

सुपरमॅन छापणाऱ्या डीसीने 1941 मध्ये कॅप्टन मार्व्हल छापणाऱ्या फॉसेट कंपनीवर खटला भरला. पहिल्या निकालात बाजी मारली ती फॉसेटने! कारण गमतीचं: वर्तमानपत्रांत छापलेल्या सुपरमॅनच्या काही पट्ट्यांवर कॉपीराइटची ओळच धड नव्हती. 1951 मध्ये अपिलात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला, पण नक्कल नेमकी कुठे झाली हे तपासायला प्रकरण परत खाली धाडलं. तोवर सुपरहिरोंचा खप घसरला होता. फॉसेटने 1953 मध्ये 4 लाख डॉलर मोजून तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल छापणं थांबवलं. पात्रं मात्र तिच्याकडेच राहिली.

डीसीने ती 1972 मध्ये चक्क परवाना घेऊन, म्हणजे भाड्याने आणली. पण मधल्या काळात, 1967 मध्ये, मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीने ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव पटकावलं होतं. म्हणून 1973 च्या अंकावर नाव झळकलं ते ‘शझॅम!’