व्यायामानंतर फळ खाल्लं तर चरबी उतरायची थांबते का?

चरबी कमी करायला निघालेल्याला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: व्यायाम झाल्यावर फळ खाऊ नका. फळात साखर असते, साखरेने इन्शुलिन वाढतं आणि इन्शुलिन वाढलं की चरबी जळणं मंदावतं. गंमत म्हणजे यातलं प्रत्येक विधान खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा.

आधी ही साखर जाते कुठे ते पाहू. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. व्यायामाची एकच सायकल, तिच्या दोन बाजूंना दोघं, आणि प्रत्येक जण एकाच पायाने पॅडल मारतोय. दुसरा पाय स्वस्थ. पाय पार थकल्यावर पुढचे तीन दिवस त्यांनी कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला आणि मांडीत सुई घालून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. राबलेल्या पायातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा दुसऱ्या पायाच्या जवळपास दुप्पट झाला होता. दोन्ही पायांना रक्त तेच, इन्शुलिनही तेच. फरक होता तो स्नायूच्या आत.

हे कसं घडतं त्याचा उलगडा पुढे झाला. स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत ओढतात. व्यायामानंतरही काही तास स्नायू साखरेला भुकेलेले असतात. म्हणजे फळ खायला ही वेळ वाईट तर नाहीच, उलट बरी.

मग फळातल्या फ्रुक्टोज नावाच्या साखरेचं काय? ते मुख्यतः यकृतात जातं आणि त्याचा बराचसा भाग तिथला ग्लायकोजेन भरून काढायला वापरला जातो. हा साठा साधारण १०० ग्रॅमचा. मध्यम आकाराच्या केळ्यात एकूण साखर १४ ग्रॅमच्या आसपास, त्यात फ्रुक्टोज निम्मं. शीतपेयांच्या बाटल्या रिचवणाऱ्याने फ्रुक्टोजची धास्ती घ्यावी. एका केळ्यासाठी कशाला?

तरी तेवढा वेळ चरबी कमी जळतेच ना? जळते. खरी मेख इथेच आहे. २०१५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने लठ्ठ असलेल्या १९ जणांना संस्थेतच ठेवून त्यांच्या खाण्याचं काटेकोर मोजमाप केलं. कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच कापल्या. एकदा कर्बोदकं कमी करून, एकदा स्निग्ध पदार्थ कमी करून, प्रत्येकी सहा दिवस. कर्बोदकं कापली तेव्हा चरबी जास्त जळली. पण शरीरातली चरबी घटली ती रोज सरासरी ५३ ग्रॅम. स्निग्ध पदार्थ कापले तेव्हा ८९ ग्रॅम. जळणाऱ्या चरबीतून खाल्लेली चरबी वजा करायचीच असते, हे जिममधल्या गप्पांत कोणी सांगत नाही. प्रयोग छोटा होता. वर्षभराच्या चाचण्यांत दोन्ही आहारांत फारसा फरक उरत नाही, तेव्हा कर्बोदकं बिनधास्त चापावीत असा अर्थ कोणी काढू नये. पण व्यायामानंतरच्या दोन तासांत काय जळतंय याकडे डोळे लावून बसण्यात हशील नाही, एवढं नक्की. दिवसभरात, आठवडाभरात कॅलरींची तूट पडते का, ते बघावं.

वेळेपेक्षा मला फळाचं रूप महत्त्वाचं वाटतं. १९७७ साली ब्रिटनमध्ये लोकांना सफरचंद तीन प्रकारे देऊन पाहिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. साखर तिन्हींत सारखी. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला, पोट मात्र त्याने सर्वांत कमी भरलं. शिवाय इन्शुलिन जास्त वाढलं आणि नंतर रक्तातली साखर झपकन खाली आली. व्यायामानंतर ‘हेल्दी’ म्हणून मोठा ग्लासभर रस पिणाऱ्याची तूट तिथेच भरून निघू शकते. सुकवलेल्या फळांचंही तसंच: १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे ७० कॅलरी, तेवढ्याच मनुकांत ३००.

फळात एक उणीव आहे, ती प्रथिनांची. केळ्यात जेमतेम सव्वा ग्रॅम, सफरचंदात त्याहूनही कमी. कॅलरी कमी केल्या की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते टिकवायला व्यायामाइतकीच प्रथिनंही लागतात. म्हणून फळासोबत वाटीभर दही किंवा दोन अंडी असावीत.