शाझिया सिकंदर

शाझिया सिकंदर (जन्म १९६९, लाहोर) ही पाकिस्तानी-अमेरिकन चित्रकार, मुक्काम न्यूयॉर्क. मिनिएचर म्हणजे लघुचित्रांची जुनी दरबारी पद्धत तिने आधी नीट पाठ केली आणि मग तिच्या आत शिरून तिची पार उलटापालट केली.

शिक्षण लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समधलं. हे म्हणजे इंग्रजांच्या काळातलं मेयो स्कूल, आणि त्याचे पहिले प्रिन्सिपल लॉकवुड किपलिंग १८७५ ला तिकडे जायच्या आधी दहा वर्षं मुंबईत जेजेला शिकवत होते, म्हणजे दोन्ही कॉलेजं तशी चुलत भावंडंच. शाझिया तिथे शिकायला लागली तेव्हा लष्करशहा झिया उल हकच्या राजवटीचा शेवट आला होता. मिनिएचर म्हणजे टुरिस्टना विकायचा माल असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं, तरी तिने बशीर अहमद यांच्या हाताखाली तोच विषय घेतला.

आणि हे काम चिकाटीचं आहे हो. कागदावर कागद खळीने चिकटवून 'वसली' करायची, ती घोटून गुळगुळीत करायची, खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, रंग शिंपल्यात कालवलेले, मांडी घालून बसायचं आणि बारीक बारीक फटकारे एकावर एक देत छटा चढवायची (याला परदाख्त म्हणतात), बोटभर जागा भरायला दिवस जातात.

यातूनच 'द स्क्रोल' (१९८९-९०) हे तिचं कॉलेजातलं शेवटचं काम आलं. साधारण पाच फूट लांब पट्टी, त्यात एका मोठ्या घराच्या खोल्या, आणि त्या खोल्यांमधून पांढऱ्या कपड्यातली, भुतासारखी आरपार दिसणारी एक मुलगी फिरत राहते. चेहरा कुठेच दिसत नाही. शेवटी ती बाहेर येऊन पाठमोरी चित्र काढत उभी. राजे नाहीत, शिकार नाही, नुसतं घर. पाकिस्तानात पुढे जी निओ-मिनिएचरची लाट आली तिची सुरुवात बरेच जण इथूनच धरतात.

१९९३ ला अमेरिका, ऱ्होड आयलंडला एमएफए म्हणजे कलेतली मास्टर्स पदवी (१९९५), मग दोन वर्षं ह्यूस्टनला फेलोशिप. १९९७ च्या व्हिटनी बायनिअलमध्ये (न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमचं दर दोन वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन) निवड झाली आणि २००६ मध्ये मॅकआर्थर ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप मिळाली. मधल्या काळात चित्रं हलायला लागली. 'स्पिन' (२००३) या अॅनिमेशनमध्ये मुघल दरबारात कृष्णाच्या गोपी जमतात, गर्दी वाढत जाते आणि मग त्यांचे केसांचे अंबाडे डोक्यावरून सुटून काळ्या पाखरांच्या थव्यासारखे उडायला लागतात. मला स्वतःला हे तिचं सगळ्यात भारी काम वाटतं, कारण दरबार भरलेला आहे पण बादशहा कुठेच नाही. २०१५ मध्ये याच केसांचे थवे टाइम्स स्क्वेअरच्या जाहिरातीच्या स्क्रीनवर रात्री दाखवले गेले.

२०२३ ला ती शिल्पाकडे वळल्याचं सगळ्यांना दिसलं. मॅनहॅटनच्या एका कोर्टाच्या गच्चीवर मोझेस, कन्फ्युशियस वगैरे नऊ कायदेकर्ते पुरुष उभे आहेत, त्यात आपला मनूसुद्धा आहे (हो, तोच), आणि त्यांच्या रांगेत तिने कमळातून उगवलेली, वेण्यांची शिंगं वळवलेली सोनेरी बाई उभी केली, नाव 'नाऊ'. काही महिनेच होती, पण मनूच्या रांगेत बाई, हे बघायला मजा आली असणार.

तिचीच जोडीची मूर्ती 'विटनेस', १८ फुटी, २०२४ ला ह्यूस्टनच्या विद्यापीठात गेली. तिथे गर्भपातविरोधी गटाने ही सैतानी मूर्ती म्हणून विरोध केला, आणि जुलैमध्ये बेरिल वादळाच्या पहाटे कोणीतरी तिचं डोकंच तोडून टाकलं. दुरुस्त करायचं नाही, आहे तशीच राहू दे, असं शाझियाने सांगितलं.