नॅनो रीफ

नॅनो रीफ : साधारण शंभर लिटरपर्यंतच्या काचेच्या टाकीत खारे पाणी, खडक, प्रवाळ, शैवल आणि एकदोन लहान मासे एकत्र नांदवणारे घरगुती मत्स्यालय. गोड्या पाण्याच्या टाकीत माणूस मासे पाळतो, इथे त्याला आधी पाणी पाळावे लागते. नवख्यांच्या बऱ्याच टाक्या पहिल्या दोन महिन्यांतच कोलमडतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते, घाई.

घरात प्रवाळ जगवण्याचा मार्ग दाखवला जकार्ताच्या ली चिन एंग या हौशी मत्स्यपालकाने. समुद्रातले, जिवांनी गजबजलेले खडक त्याने टाकीत रचले, हवेचे बुडबुडे आणि भरपूर ऊन दिले, आणि १९६१ साली ही रीत लिहून प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी तिला तेजस्वी दिवे आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या स्किमरची जोड दिली. ‘बर्लिन पद्धत’ हे नाव तेव्हापासूनचे. एलईडी दिवे आल्यावर टेबलावर मावणारी टाकीही परवडू लागली.

लहान टाकी सोपी, हा समज मात्र उलटा आहे. ६० लिटर पाण्यातून दोन लिटर उडून गेले, तर मीठ मागेच राहते आणि क्षारता, म्हणजे खारेपणा, हजारी ३५ वरून ३६·२ वर जाते. ६०० लिटरच्या टाकीत तेवढेच पाणी उडाले, तर ती जेमतेम ३५·१ होते. म्हणून लहान टाकीत उडालेल्या पाण्याची भरपाई रोज करावी लागते, आणि ती गोड्या पाण्याने. पातळी उतरली की पुन्हा खारेच पाणी ओतणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. तिचा परिणाम हळूहळू साचत जातो, त्यामुळे बिघडले कुठे हे कळायला उशीर होतो. सुरुवातीला दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ७० लिटरची टाकी बरी. खडक, वाळू आणि काच धरून तिचे वजन शंभर किलोच्या आसपास जाते, तेव्हा स्टँड भक्कम आणि समपातळीत हवा.

समुद्राजवळ राहणाऱ्याला पहिला मोह होतो तो किनाऱ्यावरून कॅन भरून आणण्याचा. मुंबईसारख्या शहराच्या काठचे पाणी सांडपाण्याने दूषित असते, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे कोकण किनाऱ्याच्या पाण्याचा खारेपणाही उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन, सिलिकेट आणि कधी तांबे असते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणीही थेट चालत नाही, कारण चवीसाठी त्यात बरेचदा क्षार परत मिसळलेले असतात. आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) गाळलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) शून्याला टेकलेले पाणी घेऊन त्यात मत्स्यालयासाठीच बनवलेले समुद्री मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम विरघळवतात. जेवणातले मीठ इथे कामाचे नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कार्बोनेट यांची समुद्रातली प्रमाणे नसतात. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. त्याच्या तिरक्या काचेवर पाण्याचा एक थेंब टाकून झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून पाहायचे. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तो आकडा म्हणजे क्षारता.

मग येतो सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. खडक, वाळू, पाणी, हीटर, पंप सगळे सुरू, आणि मासा एकही नाही. टाकीत अमोनियाचा थोडा स्रोत द्यायचा आणि जिवाणू वाढण्याची वाट पाहायची. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८·२ च्या आसपास असल्याने त्यातल्या अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ही पायरी ओलांडता येत नाही. हौशी लोक याला ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात. त्याला चार ते सहा आठवडे सहज लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तरच पुढे जावे. याच सुमारास पांढऱ्या वाळूवर तपकिरी, बोट लावले तर सहज निघणारी साय धरते. ती डायअ‍ॅटम शैवलाची असते आणि बहुधा आपोआप ओसरते. ती पाहून सगळे पाणी उपसून टाकणाऱ्यांची टाकी पुन्हा पहिल्या दिवशी येते.

प्रवाळाच्या शरीरात एकपेशी शैवल राहते आणि प्रकाशावर अन्न बनवून त्याला पुरवते. दिव्याचे महत्त्व त्यासाठीच. निळसर-पांढरा प्रकाश दिवसाला आठ तास पुरतो. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. ३० च्या वर ते फार काळ राहिले की प्रवाळ हे शैवल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाण्यावर वारा सोडणारा साधा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा कमी होतो. मग चिलर, आणि त्याबरोबर विजेचे बिल. टाकीच्या कडांवर मिठाची पांढरी खरपुडी धरते आणि वायरवरून ओघळ प्लगपर्यंत जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक वायरला प्लगच्या खाली उतरणारा झोळ ठेवतात.

जीव सोडताना आधी गोगलगाई आणि संन्यासी खेकडे, नंतर मासे. ऑसेलॅरिस क्लाउनफिश ही पहिली निवड रास्त आहे. तो मत्स्यबीज केंद्रात जन्मलेला मिळतो, आणि भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रात तो ज्याच्या आसऱ्याने राहतो ते समुद्रफूल (अ‍ॅनिमोन) त्याला टाकीत लागतेच असे नाही, आणि नव्या टाकीत समुद्रफूल सहसा तगत नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले, तर इतक्या लहान टाकीला वेगळे कॅल्शियम द्यावे लागत नाही. माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही टाकू नये. गोगलगाई आणि प्रवाळ त्याने मरतात. खडकावर वाढणाऱ्या, प्रवाळाच्या नात्यातल्या पॅलिथोआ जातीच्या काही जिवांमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते असलेला खडक उकळून साफ करताना निघालेल्या वाफेने माणसांना विषबाधा झाली आहे.

अमेरिका किंवा जर्मनीत राहणारा मराठी हौशी दुकानातून शेतीत वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे सहज घेतो. भारतात तसे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत २००१ साली खडकबांधणी करणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आले; समुद्रघोड्यांनाही याच कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे इथल्या टाकीत खडक सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा असतो, आणि ‘रीफ’ म्हणजे बहुधा मासे, कोळंबी, गोगलगाई आणि शैवल. मालवणच्या सागरी अभयारण्यात किंवा विजयदुर्गाच्या पश्चिमेला खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत, पण तिथून तुकडा आणणे हा गुन्हा आहे. शोभेची वस्तू म्हणून विकला जाणारा प्रवाळाचा पांढरा, मेलेला सांगाडाही याच कायद्यात येतो.